तुटक रेघ

“वार्षिकांकासाठी तूही काहीतरी लिही,” असे सर म्हणाले तेव्हा मी कविता देईन अशी त्यांची अपेक्षा असावी. मराठीच्या वर्गातल्या मुलींकडून बहुधा तीच असते. कविता मला जमत नाही. मला जे थोडेफार येते ते म्हणजे संगणकावर घरांचे नकाशे काढणे, आणि ते नकाशे पडद्यावर नीट दिसेनासे झाले की बिघाड कुठे आहे ते शोधणे. तेव्हा त्यावरच लिहिते. कला शाखेच्या अंकात हा विषय परका वाटेल हे मला ठाऊक आहे. पण आपल्यापैकी प्रत्येकजण कुणीतरी नकाशा बघून बांधलेल्या घरातच राहतो, एवढा संबंध मला पुरेसा वाटतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गवंडी आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यामुळे घराचा नकाशा ही वस्तू मी लहानपणापासून पाहत आले, पण ती सिमेंटचे डाग पडलेली, घडीवर विरलेली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून विटेखाली दाबून ठेवलेली. तो कागद येतो कुठून, ह्याचा विचार कधी केला नव्हता. बारावीनंतरच्या सुट्टीत तीन महिन्यांचा ऑटोकॅडचा क्लास केला आणि मागच्या दिवाळीपासून आमच्या तालुक्याच्या गावी एका इंजिनियरसाहेबांच्या ऑफिसात संध्याकाळी पाच ते आठ काम करू लागले. सातारा जिल्ह्यातले लहानसे गाव, ऑफिसही लहानसेच. साहेब, एक जुने ड्राफ्ट्समन काका, मी, आणि एक संगणक जो उन्हाळ्यात माझ्यापेक्षा लवकर दमतो.

काकांची सुरुवात ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर झाली. शाईच्या पेनाने ट्रेसिंगवर रेघ मारायची, चुकली तर ब्लेडने अलगद खरवडायची आणि मग अमोनिया प्रिंट काढून आणायची. त्या पद्धतीत नकाशा आणि नकाशाचे दिसणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. शाईची रेघ हीच रेघ. ती पुसट दिसली तर ती खरोखरच पुसट होती. संगणकाने ह्या दोन गोष्टींची फारकत केली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

हे मला काकांनी एका संध्याकाळी दाखवले. कोऱ्या पानावर एकच वर्तुळ काढायला लावले आणि ती फाईल डीएक्सएफ ह्या प्रकारात साठवून साध्या नोटपॅडमध्ये उघडली. मला वाटले होते चित्र दिसेल. चित्र कुठेच नव्हते. मजकुराची लांबलचक यादी, आणि तिच्यात खूप शोधल्यावर ‘सर्कल’ असा एक शब्द. त्याच्या खाली १० ह्या खुणेपुढे मध्यबिंदूचा आडवा आकडा, २० पुढे उभा आकडा आणि ४० पुढे त्रिज्या. बस. फाईलीतले वर्तुळ एवढेच असते. गोल असे त्यात काहीच नाही. तो गोल दरवेळी ह्या आकड्यांवरून पडद्यावर नव्याने काढला जातो, जसा आबा जमिनीवर खुंटी ठोकून, दोरी ताणून, फक्कीचा गोल काढतात. मोजमाप सांगितलेले असते. फक्की पावसाने धुऊन गेली म्हणून मोजमाप धुऊन जात नाही.

ही कल्पना काही आजची नव्हे. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड ह्यांनी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रबंध सादर केला आणि प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढून दाखवली. ती आकृतीसुद्धा यंत्राच्या स्मरणात हिशेबाच्या रूपानेच साठत होती. ऑटोकॅड बाजारात आले ते १९८२ च्या डिसेंबरात. म्हणजे मी ज्याच्याशी रोज झटापट करते तो प्रोग्रॅम माझ्यापेक्षा बराच वडीलधारा आहे, आणि त्याच्या काही खोडी त्याच्या तरुणपणच्या गरिबीतून आलेल्या आहेत.

अशी एक खोड म्हणजे वर्तुळाचा अष्टकोन. ऑफिसात लागून आठवडा झाला असेल. एका घराच्या नकाशात शौचालयाच्या टाकीमागे शोषखड्डा दाखवायचा होता. मी वर्तुळ काढले, जवळ जाऊन पाहिले तर ते आठ बाजूंचे दिसू लागले. पुसले, पुन्हा काढले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तसेच झाल्यावर मी शक्कल लढवली आणि चौसष्ट बाजूंचा बहुकोन काढून ठेवला. तो अगदी गोल दिसत होता. मी स्वतःवर खूश. दुसऱ्या दिवशी साहेब त्या खड्ड्याची त्रिज्या लिहायला गेले तर प्रोग्रॅम ती देईना. देणार कशी? बहुकोनाला मध्यबिंदू नाही, त्रिज्या नाही, नुसत्या चौसष्ट रेघा. साहेब म्हणाले, “अगं, पडद्याला मोतीबिंदू झाला म्हणून तू माणसाचं तोंड बदललंस.”

खरे कारण इतकेच होते. पडद्यावर गोल म्हणून जे दिसते ते छोट्या छोट्या सरळ रेघांचे जोडकाम असते. किती रेघा जोडायच्या हे व्ह्यूरेस नावाच्या आकड्यावर ठरते. तो १ पासून २०,००० पर्यंत ठेवता येतो. नव्या फाईलीत तो साधारणपणे १,००० असतो. जुन्या मशीनला जास्त रेघा झेपत नसत म्हणून तो कमी ठेवायची पद्धत होती, आणि तो फाईलीबरोबरच साठत असल्याने जुनी फाईल उघडली की जुना आकडाही सोबत येतो. शिवाय आपण पडदा जवळ-लांब करतो तेव्हा प्रोग्रॅम दरवेळी सगळा हिशेब नव्याने करत नाही. आधीचेच चित्र मोठे करून दाखवतो. त्याला नव्याने हिशेब करायला लावण्याची आज्ञा म्हणजे रीजेन. रीड्रॉ नावाची दुसरी एक आज्ञा आहे, ती नुसती फळा पुसल्यासारखी पडदा साफ करते; रीजेन मात्र मूळ आकड्यांपासून चित्र पुन्हा उभे करते. काका सांगतात, पूर्वी मोठ्या नकाशावर रीजेन दिले की खाली जाऊन चहा पिऊन परत यावे. आता डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. तरी नवशिक्याला ते आठवत नाही आणि तो चांगले वर्तुळ पुसत बसतो. मी बसले होते.

तेव्हापासून साहेबांनी मला एक सवय लावली. काही विपरीत दिसले की आधी हात मागे घ्यायचा, आणि जी वस्तू चुकीची दिसते तिलाच विचारायचे. लिस्ट ही आज्ञा देऊन रेघेवर टिचकी मारली की ती आपली सारी माहिती सांगते : मी रेघ आहे की तुकड्यांची माळ, माझा लेयर कोणता, रंग कोणता, लांबी किती, सलग आहे की तुटक. दोन बिंदूंतले अंतर हवे तर डिस्ट. ही उत्तरे थेट फाईलीतून येतात, पडद्यावरच्या चित्रातून नव्हे. उत्तर बरोबर आणि दिसणे चूक, तर बिघाड दिसण्यात आहे. नकाशाला बोट लावायचे नाही. उत्तरच चूक, तर मात्र नकाशा दुरुस्त करायचा. डॉक्टर आधी ताप मोजतात आणि मगच औषध लिहितात, तसलाच हा प्रकार.

पण वस्तू दिसतच नसेल तर विचारायचे कुणाला? ही तक्रार सगळ्यात जास्त येते : “काल काढलेल्या खिडक्या आज गायब.” बहुतेक वेळा खिडक्या जागच्या जागी असतात आणि त्यांचा लेयर बंद असतो. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा; भिंती एकावर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर, वायरिंग तिसऱ्यावर. एखादा कागद नजरेआड करायचे दोन मार्ग आहेत, ऑफ आणि फ्रीझ. दोन्हींनी वस्तू दिसेनाशी होते, पण दोन्ही एक नव्हेत. फ्रीझ केलेला लेयर हिशेबातूनच बाजूला होतो. ऑफ केलेला फक्त दिसत नाही. तो जागा असतो. कंट्रोल-ए दाबून सगळे निवडले की न दिसणाऱ्या ऑफ लेयरवरच्या वस्तूही निवडल्या जातात, आणि मग डिलीट दाबले की त्याही जातात. न दिसणारे पुसले गेले हे कळायला दोन-दोन दिवस लागतात. म्हणून ‘सगळे’ असा शब्द असलेली कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी सगळे लेयर उघडून पाहावेत. हे मी कुणाच्या तरी पुस्तकातून लिहीत नाही; एका संपूर्ण मजल्याच्या प्लंबिंगवर शिकले आहे.

ह्याच्या उलट प्रकारही आहे : पडद्यावर दिसते आणि कागदावर येत नाही. डेफपॉइंट्स नावाचा एक लेयर प्रोग्रॅम आपण होऊन तयार करतो, मापे लिहिताना लागणारे बिंदू ठेवायला. त्या लेयरवरचे काहीही छापले जात नाही. चुकून त्यावर जिना काढला तर पडद्यावर सुंदर जिना आणि कागदावर रिकामी चौकट. रंगाचेही तसेच. सात नंबरचा रंग शहाणा आहे. काळ्या पडद्यावर तो पांढरा दिसतो आणि कागदावर काळा उमटतो. पण कुणी निवडून खराखुरा पांढरा रंग दिला असेल, तर तो पांढऱ्या कागदावर पांढराच उमटणार.

मराठी अक्षरांचा छळ हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि मराठीची विद्यार्थिनी म्हणून तो मला जास्त लागतो. नकाशाच्या खालच्या चौकटीत मालकाचे नाव आणि ‘नियोजित घराचा नकाशा’ असे मराठीत लिहिलेले असते. फाईल दुसऱ्याच्या संगणकावर गेली की कधी तिथे प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते, तर कधी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कालवा. हे दोन वेगळे आजार आहेत. फाईलीत अक्षरांचे चित्र नसते. कोणते अक्षर आणि कोणत्या फॉन्टमध्ये दाखवायचे एवढीच नोंद असते. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर प्रोग्रॅम आपला ठरलेला बदली फॉन्ट लावतो. बदली फॉन्टात देवनागरी अक्षरेच नसली की प्रश्नचिन्हे उमटतात. पण आतले अक्षर शाबूत असते, योग्य फॉन्ट दिला की नाव परत येते. इंग्रजी कालवा होतो तो जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांमुळे. त्यांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठतच नाही. कुठल्यातरी इंग्रजी अक्षरावर ‘क’चे सोंग चढवलेले असते. फॉन्ट गेला की सोंग उतरते. फाईल पाठवताना ई-ट्रान्समिट ह्या आज्ञेने फॉन्ट आणि जोडलेल्या फाईली एकत्र बांधून पाठवाव्यात. आळस केला तर एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना आयुष्यभराच्या कमाईच्या घरावर आपले नाव म्हणून सात प्रश्नचिन्हे बघायला लागतात.

आता मला सगळ्यात आवडलेला बिघाड सांगते. इथे माझा भूगोल कामी आला. एका वस्तीचा प्लॉट-लेआऊट होता. सर्व्हेयरने मोजणी करून दिलेली फाईल यूटीएम पद्धतीची होती. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण ही पद्धत शिकतो : पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे. आपला महाराष्ट्र बहुतांशी ४३ व्या पट्ट्यात येतो, पूर्वेकडचा भाग ४४ व्या. उत्तरेकडचे अंतर विषुववृत्तापासून मोजतात. साताऱ्याच्या आसपास ते सुमारे १९ लाख ५५ हजार मीटर भरते. घरांचे नकाशे आम्ही मिलिमीटरमध्ये काढतो, म्हणून तो सर्व्हे कुणीतरी हजारपट करून घेतला. म्हणजे आकडा झाला सुमारे १९५ कोटी ५० लाख. त्यावर घरे बसवली आणि पडद्याला झिंग चढली. भिंतींचे कोपरे जुळेनात. पडदा सरकवला की रेघा थरथरत. एका घराच्या आतल्या पडदीच्या दोन रेघांची एकच रेघ झाली.

मी लिस्ट दिले. पडदीच्या दोन रेघा स्वतंत्र होत्या. डिस्टने अंतर मोजले. नेमके ११५ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंची भिंत. नकाशा ठणठणीत. मग झिंग कशाची?

कारण असे की फाईलीतला प्रत्येक आकडा पंधरा-सोळा अंकांपर्यंत नेमका ठेवलेला असतो. १९५ कोटींच्या आकड्यातही त्याला मिलिमीटरचा लाखावा भाग कळतो. पण पडद्यावर चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड घाईत असते. त्याच्याकडे आकडे जेव्हा आखूड रूपात जातात तेव्हा त्यांतले सातच अंक भरवशाचे उरतात. दहा अंकी आकड्यातले पुढचे सात धरले की मागचे तीन हातचे सुटले. यंत्र दोनच्या पटीत मोजते, त्या हिशेबाने एवढ्या अंतरावर त्याचे एकेक पाऊल १२८ मिलिमीटरचे पडते. आणि आमची पडदी ११५ ची! पावलापेक्षा भिंत बारीक. दोन्ही रेघा एकाच पावलावर येऊन बसल्या तर नवल काय? हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा १२८ आला तेव्हा झालेला आनंद बारावीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

उपाय सोपा, पण जपून करण्यासारखा. फाईलीची प्रत घेतली. सगळे लेयर उघडून (मघाचा धडा!) सबंध नकाशा पूर्वेचे ३९ कोटी ४० लाख आणि उत्तरेचे १९५ कोटी ५० लाख मिलिमीटर मागे सरकवून शून्याजवळ आणला, आणि किती सरकवला ते त्याच नकाशात ठळक लिहून ठेवले. हे लिहायचे विसरले तर प्लॉट जमिनीवर कुठे आहे हा पत्ताच हरवतो, आणि मग दिसणे सुधारण्याच्या नादात खरा नकाशा बिघडवल्यासारखे होते. झिंग जागच्या जागी उतरली.

ह्याचाच एक धाकटा भाऊ आहे. झूम एक्स्टेंट्स, म्हणजे ‘सगळे दाखव’, असे म्हटले की अख्खा नकाशा ठिपक्याएवढा होतो. तेव्हा समजावे की कुणाची तरी एक चुकार रेघ कोसभर लांब पडली आहे आणि ‘सगळ्या’त तीही धरली जाते आहे. तिला शोधून काढून टाकले की झाले. भरीव भाग पोकळ दिसत असतील तर फिलमोड शून्यावर गेला असेल. तो १ करून रीजेन द्यावे. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले तर क्यूटेक्स्ट चालू राहिले असेल. आणि ह्यांतले काहीच नसेल, रेघा कशाही चमकत-विरत असतील, तर ग्राफिक्सकॉन्फिगमध्ये जाऊन हार्डवेअरची मदत बंद करून पाहावी. त्याने रोग गेला तर दोष कार्डाचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा; नकाशा त्यातही निर्दोष.

“नकाशा बरोबर आहे, फक्त दिसायचा प्रॉब्लेम आहे.” हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून दोनदा तरी ऐकू येते. शोषखड्ड्याच्या प्रकारानंतर मीही ते मोठ्या ऐटीत म्हणू लागले. आता त्या वाक्याचे काय झाले ते सांगते.

जानेवारीतली गोष्ट. शेजारच्या गावातले एक घर. दारावर तीन मीटर रुंद आणि दीड मीटर पुढे आलेला पोर्चचा स्लॅब होता; खाली खांब नाही, भिंत नाही, नुसती मोकळी जागा. डोक्यावरच्या वस्तूची कड तुटक रेघेने दाखवतात, जमिनीवरच्या भिंतीची सलग रेघेने. मी ती कड तुटकच काढली होती. पडद्यावर ती सलग दिसली. मी शिकवल्याप्रमाणे लिस्ट दिले. उत्तर आले, डॅश्ड. जवळ जाऊन पाहिले. बारीक बारीक तुकडे स्पष्ट दिसले. नकाशा बरोबर, फक्त दिसायचा प्रॉब्लेम. साडेसात वाजले होते, शेवटची गाडी पावणेआठची. मी प्रिंट काढली, टेबलावर ठेवली आणि निघाले.

ह्या बिघाडाचे गणित मी नंतर केले, आधी करायला हवे होते. मिलिमीटरच्या नकाशांत डॅश्ड रेघेचा एक तुकडा १२.७ मिलिमीटरचा आणि त्यानंतरची फट ६.३५ ची असते. पण घर आपण खऱ्या मापाने काढतो. तीन मीटरच्या रेघेत असे दीडशेच्या वर तुकडे बसतात, आणि शंभरास एक ह्या प्रमाणात कागदावर ती सगळी रेघ अवघी तीस मिलिमीटरची होते. एकेक फट केसाहून बारीक. शाईने ती भरून जाणारच. एलटीस्केल नावाचा एक आकडा वाढवला की तुकडे आणि फटी त्या पटीत लांब होतात. तो १ वर होता. २५ केला असता तर कागदावर तीन मिलिमीटरचे तुकडे आले असते आणि कुणालाही दिसले असते. (पुष्कळ वळणांची रेघ असेल तर एवढ्यानेही भागत नाही, दर वळणावर तुकड्यांची मोजणी नव्याने सुरू होते, तिथे प्लाइनजेन १ करावे लागते. आणि लेआऊटच्या पानावर पीएसएलटीस्केलही पाहावे.) एक आकडा बदलायचा, रीजेन द्यायचे, अर्ध्या मिनिटाचे काम.

त्या घराचे बांधकाम आबांच्या ठेकेदाराकडे होते हे मला माहीत नव्हते. आबांनी कागद पाहिला. त्यांना शंका आली होती; दारापुढे अशी तिन्ही बाजूंनी बंद भिंत कशी असेल? त्यांनी ठेकेदाराला विचारले. ठेकेदाराने रेघेवर बोट ठेवले आणि ती सलग आहे म्हणून सांगितले, बहुतेक बंदिस्त ओटा असेल. आबांनी पाया खोदला आणि दगडाचे बांधकाम जोत्यापर्यंत आणले. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब साईटवर गेले तेव्हा ते काढावे लागले. ठेकेदाराने आबांची आणि दोन बिगाऱ्यांची दीड-दीड दिवसाची हजेरी कापली. बिगाऱ्यांतली एक माझी आई.

रात्री जेवताना आबा सांगत होते आणि मी ताटाकडे बघत होते. शेवटी मी म्हणाले, “आबा, नकाशा बरोबर होता. रेघ तुटकच होती. फक्त दिसताना—”

आबा म्हणाले, “मला फाईल कुठं दिसती, पोरी? मला कागद दिसतो.”

ते रागावून म्हणाले नाहीत. साधी वस्तुस्थिती सांगावी तसे म्हणाले. प्रिंट मी काढली होती हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितले, आणि त्याच संध्याकाळी साहेबांनाही. साहेबांनी तिघांची हजेरी स्वतःकडून दिली आणि माझ्या पगारातून ती कापायला तयार झाले नाहीत, ह्याचे मला बरे वाटले नाही. कापली असती तर बरे वाटले असते.

तेव्हापासून ते वाक्य मी म्हणत नाही. लिस्टचे उत्तर ऑफिसातल्या माणसाला मिळते. साईटवरचा माणूस रेघेला काही विचारू शकत नाही. त्याच्यापुरते दिसते तेच खरे असते आणि त्यावर तो दगड रचतो. आम्ही फाईल आणि पडदा ह्या दोघांचा विचार करत होतो, तिसऱ्या कागदाचा केलाच नव्हता. तोही एक पडदाच आहे, फक्त त्याला रीजेन देता येत नाही.

आता रद्द झालेल्या प्रिंटा मी घरी आणते. जेवणे झाल्यावर आबा चष्मा लावून त्या जमिनीवर पसरतात आणि मी विचारते, ह्यातल्या भिंती कोणत्या? ते अंगठ्याने दाखवत जातात. त्यांना जिथे थांबावे लागते तिथे मी पेन्सिलीने खूण करते. मागच्या आठवड्यात एका माळ्याच्या कडेवर ते बराच वेळ थांबले. “तुटक हाय वाटतं,” म्हणाले, “पर दिव्याच्या उजेडात नीट कळंना.” माझ्या डोळ्यांना ते तुकडे स्वच्छ दिसत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एलटीस्केल २५ चा ४० केला. कागदावर पाच मिलिमीटरचे तुकडे येतात. काकांना ते फार ढोबळ वाटतात. शंभरास एकच्या सगळ्या नकाशांना आम्ही आता ४० च ठेवतो.